आंबील (चंद्रपूर व गडचिरोली)

आंबील हा धान्याचे पीठ, कणी किंवा शिजवलेला भात आंबवून तयार केला जाणारा पातळ व आंबटसर खाद्यपदार्थ आहे. महाराष्ट्राच्या बहुतेक भागांत तो ज्ञात असला, तरी पूर्व विदर्भातील चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांत उन्हाळ्यातील आहार म्हणून त्याला विशेष महत्त्व आहे. तेथे आंबील हे केवळ पेय नसून शेतात किंवा जंगलात कष्ट करणाऱ्या माणसाचे एका वेळचे जेवण असते. तिच्यासोबत कच्चा कांदा, हिरवी मिरची किंवा एखादी चटणी घेतली जाते.

युरोपीय पाककलेत ज्याला सूप म्हणतात, त्या प्रकाराशी आंबिलीचे जवळचे नाते आहे. दोन्हींचा उगम सामान्य माणसाच्या स्वयंपाकघरात झाला, दोन्हींत शिळे किंवा दुय्यम समजले जाणारे अन्न उपयोगात आणले जाते आणि दोन्हींची चव महाग घटकांपेक्षा वेळेवर अधिक अवलंबून असते.

नाव आणि संबंधित शब्द

'आंबील' हा शब्द संस्कृत 'अम्ल', म्हणजे आंबट, या शब्दाशी संबंधित आहे. आंबणे, आंबवणे, आंबट हे शब्दही त्याच कुळातील आहेत. कन्नड व तेलुगू भाषांत या पदार्थाला 'अंबली' म्हणतात. जैन परंपरेतील 'आयंबिल' हे व्रत मात्र वेगळे असून त्यात तेल, तूप, दूध, दही, साखर इत्यादी वर्ज्य करून दिवसातून एकदाच अन्न घेतले जाते. नावातील साम्यामुळे दोहोंची गल्लत होऊ नये.

आंबिलीशी मिळतेजुळते आणखी काही शब्द या भागात ऐकू येतात. 'पेज' म्हणजे तांदूळ किंवा कणी भरपूर पाण्यात शिजवून केलेला पातळ पदार्थ. ती आंबवलेली असेलच असे नाही. 'वेळवण' म्हणजे भात शिजल्यावर ओतून काढलेले पाणी. 'कण्या' म्हणजे ज्वारी भरडून शिजवलेला, पेजेपेक्षा दाट पदार्थ. विदर्भात तो ताकासोबत किंवा अंबाडीच्या भाजीसोबत खातात. तेलुगूत आणि गोंडी भाषकांत पातळ पेजेला 'जावा' असे म्हटले जाते.

भौगोलिक व सामाजिक पार्श्वभूमी

गडचिरोली जिल्ह्याची निर्मिती २६ ऑगस्ट १९८२ रोजी तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन करून झाली. वैनगंगा नदी मोठ्या अंतरापर्यंत या दोन जिल्ह्यांची सीमा आहे. पुढे वैनगंगा व वर्धा यांच्या संगमातून प्राणहिता नदी तयार होते आणि ती सिरोंचाजवळ गोदावरीस मिळते. गडचिरोलीचा सुमारे ७० टक्के भूभाग वनाच्छादित आहे.

या प्रदेशात धान्याचे दोन पट्टे स्पष्ट दिसतात. चंद्रपूर जिल्ह्याचा पूर्व भाग आणि गडचिरोली हा धानाचा, म्हणजे भाताचा, पट्टा आहे. येथील जुन्या मालगुजारी तलावांवर, म्हणजेच 'मामा तलावां'वर, पिढ्यान्पिढ्या भातशेती होत आली आहे. नागभीड तालुक्यातील नांदेड या गावचे शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी निवड पद्धतीने विकसित केलेले 'एचएमटी' हे भाताचे वाण याच पट्ट्यातून देशभर पोहोचले. त्यांचे निधन २०१८ मध्ये झाले. चंद्रपूरच्या पश्चिमेकडील काळ्या जमिनीत मात्र ज्वारीची परंपरा होती. गडचिरोलीच्या दक्षिण व पूर्वेकडील डोंगराळ भागात माडिया गोंड समाज 'पेंदा' या फिरत्या शेतीत भरड धान्ये घेत असे. त्यामुळे आंबील एकाच धान्याची नसते. पूर्वेकडे ती तांदळाच्या कणीची, पश्चिमेकडे ज्वारीची, तर डोंगराळ भागात नाचणी किंवा कुटकीची आढळते.

सीमावर्ती भागामुळे यात आणखी भर पडते. सिरोंचा तालुक्यावर तेलुगू, तर कोरची व कुरखेडा भागावर छत्तीसगडी भाषेचा प्रभाव आहे. चामोर्शी व मुलचेरा तालुक्यांत पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांच्या वसाहती आहेत. तेलुगूंची अंबली, छत्तीसगडींची 'बासी' आणि बंगाल्यांचा 'पांता भात' हे तिन्ही पदार्थ आंबिलीचे सख्खे भाऊबंद असून एकाच जिल्ह्यात ते एकमेकांच्या शेजारी नांदतात.

उन्हाळी श्रम आणि आंबील

या दोन जिल्ह्यांत उन्हाळा हा विश्रांतीचा काळ नसतो. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचली जातात. एप्रिलच्या मध्यापासून मे महिन्यात तेंदूपाने तोडण्याचा हंगाम येतो. तेंदूपानांची मोजणी ७० पानांच्या पुड्यांत होते आणि १००० पुड्यांची एक प्रमाण गोणी धरली जाते. मोहफुले पहाटे गळतात, म्हणून ती वेचण्यासाठी उजाडण्यापूर्वीच घर सोडावे लागते. तेंदूपाने सकाळी तोडून दुपारी घरी त्यांचे पुडे बांधले जातात.

अशा दिनक्रमात पहाटे उठून स्वयंपाक करणे शक्य नसते. आदल्या रात्री आंबत ठेवलेली आंबील ही अडचण सोडवते. ती गरम करावी लागत नाही, चावत बसावी लागत नाही, आणि एकाच पदार्थातून अन्न, पाणी व मीठ पोटात जाते. पूर्वी ती वाळवलेल्या दुधी भोपळ्याच्या तुंब्यात भरून जंगलात नेत असत. तुंब्याच्या सालीतून किंचित ओलावा झिरपून बाष्पीभवन होत असल्याने आतील द्रव फारसा तापत नाही. मातीच्या माठात पाणी गार राहते ते याच तत्त्वाने.

चंद्रपूर हे भारतातील अत्यंत उष्ण शहरांपैकी एक मानले जाते. मे महिन्यात तेथील कमाल तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे जाणे ही नवलाची गोष्ट नाही. घामावाटे शरीरातील पाण्याबरोबर क्षारही बाहेर जातात. केवळ पाणी पिऊन क्षारांची तूट भरून निघत नाही. मीठ घातलेली आंबील ती काही प्रमाणात भरून काढते. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या उष्णतेच्या लाटेविषयीच्या सूचनांत ताक, लस्सी, लिंबूपाणी यांसोबत तांदळाच्या पाण्यापासून केलेल्या घरगुती पेयाचाही उल्लेख आढळतो.

धान्याच्या पेजेचा हा गुण वैद्यकशास्त्रानेही अभ्यासला आहे. ढाका येथील आंतरराष्ट्रीय अतिसार संशोधन केंद्रात १९८० च्या दशकात जलसंजीवनीमध्ये साखरेऐवजी तांदळाचे पीठ वापरून प्रयोग करण्यात आले. तांदळातील पिष्टमय पदार्थांचे आतड्यात हळूहळू साखरेत रूपांतर होते आणि त्या साखरेबरोबर मीठ व पाणी शोषले जाते, हे त्यामागील तत्त्व आहे. तथापि घरगुती आंबिलीत क्षारांचे प्रमाण मोजलेले नसते. त्यामुळे अतिसाराच्या रुग्णासाठी ती वैद्यकीय जलसंजीवनीची जागा घेऊ शकत नाही.

साहित्य व कृती

पिठाची आंबील

चार माणसांसाठी नाचणी किंवा ज्वारीचे पीठ अर्धी वाटी, पाणी पाच वाट्या, पातळ ताक दोन वाट्या, मीठ चवीनुसार, थोडे जिरे, लसणाच्या तीन-चार पाकळ्या आणि एक मोठा कांदा एवढे साहित्य पुरते.

१. रात्री मातीच्या किंवा काचेच्या भांड्यात पीठ एक वाटी पाण्यात कालवावे. त्यात दोन चमचे ताक घालून भांडे झाकून ठेवावे. ताकातील जिवाणूंमुळे आंबण्याची क्रिया लवकर व खात्रीने सुरू होते.

२. उन्हाळ्यात सहा ते आठ तास, हिवाळ्यात बारा तास किंवा त्याहून अधिक काळ पीठ आंबू द्यावे. पृष्ठभागावर बारीक बुडबुडे आणि स्वच्छ आंबट वास ही पीठ तयार झाल्याची खूण होय.

३. दुसऱ्या भांड्यात उरलेले चार वाट्या पाणी उकळावे. आंबलेले पीठ ढवळून एकजीव करावे आणि उकळत्या पाण्यात बारीक धारेने सोडावे. त्या वेळी सतत ढवळत राहणे आवश्यक असते. कोरडे पीठ थेट गरम पाण्यात टाकल्यास प्रत्येक कणाचा बाहेरचा थर फुगून चिकट होतो, आतील पीठ कोरडेच राहते आणि गुठळ्या होतात. पीठ आधी थंड पाण्यात कालवण्याचे हे दुसरे कारण आहे.

४. मंद आचेवर दहा ते बारा मिनिटे शिजवावे. पीठ शिजल्यावर त्याचा कच्चा वास जातो व मिश्रणाला चकाकी येते.

५. भांडे उतरवून मिश्रण पूर्ण निवू द्यावे. मगच उरलेले ताक, मीठ, जिरे व ठेचलेला लसूण घालावा. गरम मिश्रणात ताक घातल्यास त्यातील प्रथिने गोठून ते फाटते.

६. बारीक चिरलेला कांदा वाढताना घालावा किंवा शेजारी फोडून द्यावा.

कणीची किंवा भाताची आंबील

धान कांडताना किंवा गिरणीत भरडताना जे तांदूळ मोडतात त्यांना कणी म्हणतात. बाजारात कणीला कमी भाव मिळत असल्याने ती घरातच वापरली जाते. एक वाटी कणी धुऊन सहा वाट्या पाण्यात मऊ होईपर्यंत शिजवावी. निवल्यावर तीत दोन वाट्या उकळून गार केलेले पाणी व दोन चमचे ताक घालून रात्रभर झाकून ठेवावी. सकाळी रवीने किंवा स्वच्छ हाताने घुसळून मीठ घालावे. उरलेल्या भाताचीही अशीच आंबील करता येते. मात्र भात त्याच संध्याकाळी शिजवलेला असावा.

आंबण्याची प्रक्रिया

पिठात व ताकात असलेले दुग्धाम्ल जिवाणू धान्यातील शर्करेचे दुग्धाम्लात रूपांतर करतात. दही लागण्याची क्रियाही हीच आहे. आम्ल वाढत गेले की रोगकारक जिवाणूंना तेथे वाढणे कठीण होते. म्हणूनच नीट आंबलेले अन्न उन्हाळ्यातही काही तास टिकते.

धान्याच्या बाह्य थरात फायटिक आम्ल असते. ते लोह, जस्त व कॅल्शियम यांना बांधून ठेवते आणि त्यामुळे ही खनिजे शरीरात पुरेशी शोषली जात नाहीत. आंबवताना धान्यातील व जिवाणूंमधील विकरे या आम्लाचे विघटन करतात. नाचणीच्या १०० ग्रॅम दाण्यांत सुमारे ३४० ते ३६० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. हे प्रमाण तांदूळ किंवा गव्हाच्या अनेक पट आहे. पण खनिज धान्यात असणे आणि ते शरीराला मिळणे या दोन भिन्न गोष्टी होत. त्या दोहोंमधील अंतर आंबवण्याने कमी होते.

स्वच्छता व सुरक्षितता

पिठाच्या आंबिलीत आंबवणे आधी व शिजवणे नंतर होते, त्यामुळे ती तुलनेने निर्धोक असते. भाताच्या आंबिलीत हा क्रम उलटा असतो. शिजलेला भात अनेक तास कोमट राहिल्यास त्यात विषकारक जिवाणू वाढू शकतात आणि त्यांचे विष पुन्हा उकळल्यानेही नष्ट होत नाही. म्हणून भात लवकर निववणे, उकळलेले पाणी वापरणे आणि ताकाचे विरजण घालून आम्लता लवकर वाढवणे या तीन गोष्टी पाळाव्यात. बुरशी, तार सुटणे किंवा कुजका वास आढळल्यास आंबील टाकून द्यावी. आम्लाचा धातूवर परिणाम होत असल्याने आंबवण्यासाठी ॲल्युमिनिअमची किंवा कल्हई नसलेली पितळेची भांडी वापरू नयेत.

कांदा आणि ऊन

विदर्भात उन्हात जाताना खिशात किंवा पदरात कांदा बांधून नेण्याची पद्धत आहे. खिशातील कांद्यामुळे ऊन लागत नाही या समजुतीला शास्त्रीय आधार नाही. आंबिलीबरोबर खाल्लेल्या कांद्याचा उपयोग वेगळा व साधा आहे. कांद्यात भरपूर पाणी असते, तो न शिजवता खाता येतो आणि त्याच्या तिखटपणामुळे सौम्य आंबिलीला चव येते. हा तिखटपणा कांदा चिरल्यावरच निर्माण होतो. पेशी फुटताच त्यांतील गंधकयुक्त संयुगे व विकर एकत्र येतात आणि डोळ्यांना झोंबणारा वायू तयार होतो. बुक्कीने फोडलेल्या कांद्याचा उग्रपणा लगेच जाणवतो, तो त्यामुळेच.

उष्माघात ही तातडीने उपचार करण्याची अवस्था आहे. शरीराचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाणे, असंबद्ध बोलणे, शुद्ध हरपणे ही तिची लक्षणे होत. अशा व्यक्तीला सावलीत नेऊन अंगावर पाणी टाकावे, वारा घालावा व तत्काळ रुग्णालयात न्यावे. बेशुद्ध व्यक्तीच्या तोंडात आंबील, पाणी किंवा कांद्याचा रस घालू नये. ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो.

फ्रेंच कांद्याच्या सूपाशी तुलना

फ्रान्समधील कांद्याचे सूप आज जगभरच्या उपाहारगृहांत मिळते. परंतु त्याची ख्याती पॅरिसच्या 'ले आल' या मध्यवर्ती बाजाराशी जोडलेली आहे. तेथे रात्रभर ओझी वाहणारे हमाल आणि व्यापारी पहाटे हे सूप घेत. तो घाऊक बाजार १९६९ मध्ये शहराबाहेर रँजिस येथे हलवण्यात आला, पण सूप लोकांच्या आहारात राहिले. पहाटेचे श्रम आणि पोटभर पातळ अन्न ही सांगड पॅरिसच्या बाजारात व गडचिरोलीच्या जंगलात सारखीच दिसते.

हे सूप घरी करताना चार मोठे कांदे पातळ चिरून लोणी व चिमूटभर मीठ घालून जाड बुडाच्या भांड्यात मंद आचेवर परततात. मिठामुळे कांद्याला पाणी सुटते. ते आटून गेल्यावर कांद्यातील शर्करा व अमिनो आम्ले यांच्या अभिक्रियेने तांबूस रंग येऊ लागतो. यास पाऊण तास ते एक तास लागतो. आच वाढवून ही क्रिया घाईने उरकल्यास कांदा करपून कडू होतो. नंतर चार ते पाच वाट्या मांसाचा किंवा भाज्यांचा अर्क घालून सूप अर्धा तास उकळतात. वर शिळ्या पावाचा भाजलेला तुकडा व किसलेले चीज ठेवून ते भट्टीत वितळवतात. भट्टी नसल्यास पाव व चीज तव्यावर झाकण ठेवून तापवता येते. विदर्भातील स्वयंपाक्याला यातील पहिली पायरी नवीन नाही; रश्शासाठी कांदा तांबूस होईपर्यंत भाजण्याची रीत तेथे घरोघरी आहे.

दोन्ही पदार्थांमधील मुख्य भेद चव निर्माण करण्याच्या मार्गात आहे. कांद्याच्या सूपात ती अग्नीने, तर आंबिलीत जिवाणूंनी निर्माण होते. एकास इंधन व लक्ष लागते, दुसऱ्यास केवळ रात्र. उष्ण प्रदेशात आणि सरपण डोक्यावर वाहून आणावे लागणाऱ्या घरांत दुसरा मार्ग रूढ होणे स्वाभाविक होते.

अन्य प्रदेशांतील प्रकार

कोल्हापूर येथे रेणुकादेवीची 'आंबील यात्रा' भरते आणि तीत देवीला आंबिलीचा नैवेद्य दाखवतात. महाराष्ट्रात काही ठिकाणी गौरीच्या नैवेद्यातही आंबील असते. तमिळनाडूत आडी महिन्यात मारिअम्मनच्या मंदिरांत 'कूळ' नावाची आंबील वाटली जाते. ओडिशातील 'पखाळ' हा पाण्यात आंबवलेला भात असून २० मार्च हा पखाळ दिवस म्हणून साजरा होतो. छत्तीसगडमध्ये तत्कालीन मुख्यमंत्री भूपेश बघेल यांच्या आवाहनानुसार १ मे २०२२ रोजी कामगार दिनी 'बोरे बासी' खाऊन श्रमिकांचा सन्मान करण्यात आला. युरोपात पोलंडचे 'झुरेक' हे राईच्या आंबवलेल्या पिठाचे सूप याच कुळातील आहे.

सद्यःस्थिती

आंबिलीचे स्थान अलीकडे बदलले आहे. फिरती शेती मागे पडल्याने डोंगराळ भागातील भरड धान्ये कमी झाली. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यान्वये प्राधान्य कुटुंबांतील प्रत्येक व्यक्तीस दरमहा ५ किलो, तर अंत्योदय कुटुंबास ३५ किलो धान्य मिळते. यामुळे उपासमारीपासून मोठे संरक्षण मिळाले. परंतु हे धान्य प्रामुख्याने तांदूळ व गहू असल्याने ताटातील विविधता घटली. गिरणीत सडलेल्या पांढऱ्या तांदळात कोंड्याबरोबर जीवनसत्त्व ब-१ चाही मोठा अंश निघून जातो. अशा तांदळाची आंबील पोट भरते, पण ती नाचणीच्या किंवा हातसडीच्या कणीच्या आंबिलीइतकी पोषक नसते.

दुसरे कारण प्रतिष्ठेचे आहे. आंबील व शिळा भात ही गरिबीची खूण मानली गेल्याने पाहुण्यांपुढे किंवा शाळेच्या डब्यात ती देण्याचा संकोच वाटू लागला. तिची जागा चहा-बिस्किटे व बाटलीबंद गोड पेये घेत आहेत. उन्हात राबणाऱ्या शरीराला ज्या मिठाची व पाण्याची गरज असते, ती चहा-बिस्किटांनी भागत नाही. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून जाहीर केल्यानंतर नाचणीची आंबील शहरी उपाहारगृहांत आरोग्यदायी पेय म्हणून दिसू लागली. त्यामुळे शहरात तिला मान मिळत असताना तिच्या मूळ प्रदेशात ती सोडली जाण्याची विसंगती निर्माण झाली आहे.

तीव्र उन्हाळे पाहता या पदार्थाचे महत्त्व केवळ सांस्कृतिक नाही. अर्धी वाटी पीठ, चमचाभर ताक, चिमूटभर मीठ आणि एक रात्र एवढ्या सामग्रीत एका कुटुंबाची सकाळ निभावते. तेंदूपानांच्या हंगामात पहाटे घर सोडणाऱ्या अनेक मजुरांच्या शिदोरीत कांदा, मिरची आणि आंबील आजही असते.